कमरेचं औषध आणि अठरा पायऱ्या

माझी कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. खाली पडलेला खडू उचलायला वाकले आणि तिथेच अडकले. पोरी आधी हसल्या, मग घाबरल्या. दोघी शिक्षिकांनी धरून मला रिक्षात बसवलं. तिथून पुढे चार वर्षं मी उपचार घेत होते. त्या चार वर्षांची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही तेव्हा लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीमागे, माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून. माणूस मायाळू, त्यात वाद नाही. बायकोची कंबर दुखते म्हटल्यावर त्यांनी जराही हयगय केली नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी सुया दिल्या. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा होतं तसंच. मग कचेरीतल्या कोणीतरी कन्हानच्या एका हाडवैद्याचं नाव काढलं. दर रविवारी स्कूटरवर मागे बसवून ते मला तिकडे नेत. रस्ता असा, की जाताना दुखायचं त्याच्या दुप्पट येताना दुखायचं. वैद्यबुवा अंगठ्याने मणके दाबायचे, गरम तेल चोळायचे आणि म्हणायचे, तीन आठवड्यांत पळायला लागाल. हेच ते दर तीन आठवड्यांनी म्हणायचे.

शेवटी मोठ्या इस्पितळात गेलो. फोटो निघाला. दोन मणक्यांमधली गादी सरकली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "काम काय करतात?"

प्रश्न माझ्याबद्दल होता, पण विचारला यजमानांना.

"मास्तरीण आहे, खुर्चीवर बसूनच राहते," यजमान म्हणाले.

डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं. पन्नास पोरींच्या वर्गात खुर्चीवर बसायला कोणाला सवड असते, हे मी सांगायच्या आत कमरेचा पट्टा, लाकडी फळीवर झोपणं आणि सहा आठवडे विश्रांती लिहून झाली होती.

शाळेने रजा दिली. घराची कोण देणार? नळ खाली अंगणात होता आणि सकाळी तासभरच यायचा. माडीला अठरा पायऱ्या. यजमान त्या वेळी दाढी, अंघोळ, कचेरीची तयारी यात असायचे. दोन्ही मुली लहान. त्यामुळे मी पट्टा सोडून खुंटीला टांगायची, कारण तो भिजला की कडक होऊन टोचायचा, आणि बारा खेपा पाणी वर आणायची. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हाताने साडी आणि भिंत. पाणी भरून झालं की पट्टा बांधून दिवसभर फळीवर पडून राहायची. डॉक्टरांनी वाकू नका, वजन उचलू नका म्हटल्यापासून मनात अशी धास्ती बसली होती, की साधी कूस बदलतानाही श्वास रोखायची. सहा आठवड्यांनी उठले तेव्हा पाय लटपटत होते आणि कंबर आधीपेक्षा जड झाली होती.

मे महिन्यात यजमानांनी मोठ्या हौसेने कूलर आणला. बायको दुपारी पडते, तिच्या जिवाला गारवा मिळावा म्हणून. त्या कूलरला रोज चार बादल्या पाणी लागायचं. खेपा सोळा झाल्या. उन्हाळ्यात दुखणं वाढलं, तर शेजारपाजारच्यांनी कूलरच्या गार हवेला दोष दिला.

चौथ्या वर्षी डॉक्टर स्वतःच कंटाळले असावेत. त्यांनी मला शेक आणि व्यायाम देणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई वयाने माझ्याएवढ्याच, इथल्याच. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि कोपऱ्यातली बादली माझ्यापुढे सरकवली.

"ताई, घरी कशी उचलता ते मले दाखवा."

मी उचलून दाखवली.

"अशा दिवसाच्या किती?"

"बारा. उन्हाळ्यात सोळा."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. तिथे खुर्ची लिहिलेली होती. त्यांनी यजमानांना आत बोलावलं.

"चार वर्षं तुम्ही या कमरेवर औषध करून राहिले, आणि रोज सकाळी तीच कंबर पुन्हा दुखावून राहिले. हे कोणाले सांगितलं काहून नाही?"

"कोणी विचारलंच नाही," यजमान म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते. मला चीड आली ती त्यांची, डॉक्टरांची आणि त्याहून जास्त माझी. तोंड तर मलाही होतं. पण शाळेत शिकवणं हे काम, आणि पाणी भरणं म्हणजे काम नाहीच, असं मीही धरूनच चालले होते.

बाईंनी पट्टा सोडायला लावला. पडून राहून पाठीची ताकद गेली आहे म्हणाल्या. रोज चाला, गुडघ्यात वाकायला शिका, उचललीच तर अर्धी बादली उचला. यजमान दुसऱ्या दिवसापासून नळावर जाऊ लागले. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ते मान खाली घालून भरायचे. तीन महिन्यांत मला बराच आराम पडला. पूर्ण नाही, दिवसभर वर्गात उभी राहिले की अजून ठणकायचं, पण आता मी त्याला घाबरत नव्हते.

चौथ्या महिन्यात जिन्यातच यजमानांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांनी आमचं पाणी आपणहून वर आणून दिलं. घरमालक समाचाराला आले, जिना चढताना स्वतःच धापा टाकू लागले, आणि पंधरा दिवसांत नळाचा पाइप माडीवर आला. पाइप वर घ्या, असं मी घरमालकांना आधी तीनदा सांगितलं होतं. पाणी वर चढणारच नाही, असं तिन्ही वेळा उत्तर मिळालं होतं.

पाणी वर आलं त्या सकाळी यजमानांनी मला न्हाणीतून हाक मारली.

"बघ वं, आलं."

मी दारात जाऊन उभी राहिले. धार चांगली मोठी होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण इतका राग आला होता, की तिच्याखाली बादली लावायचीही इच्छा झाली नाही. त्यांनीच लावली.