झिंगेबाईची घरपाहणी

झिंगेबाई गल्लीत आली हे आम्हाला तिच्या हाकेवरून कधीच कळलं नाही. ते मांजरांवरून कळायचं. सकाळी नऊच्या सुमारास छपरावरून, कुंपणावरून, शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या स्कूटीच्या सीटवरून एकेक मांजर उठायचं, अंग ताणायचं आणि मंत्र्याच्या स्वागताला निघाल्यासारखं गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायचं. पाच मिनिटांनी वळणावर झिंगेबाई उगवायची. टोपलीतले तलावाचे मासे गिऱ्हाइकांसाठी, आणि पदराच्या गाठीतले सुके झिंगे मांजरांसाठी. सिंदेवाहीत मासे विकणाऱ्या बाया पुष्कळ, पण स्वागत समिती फक्त हिलाच.

मांजरांबद्दल तिचा एक ठाम सिद्धांत होता. टोपली उतरवून, माशाची खवलं खरवडत ती तो ऐकवायची. "मांजरीले माणसाचं थोबाड नाई आठवत भाऊ, हात आठवते. देल्लेला बी आठवते, मारलेला बी." आमच्या गल्लीतल्या एका मांजरीच्या जबड्यात गळ अडकला होता, तो झिंगेबाईने काढला होता. पुढे ती मांजर पाळणारं कुटुंब तिला घेऊन वरोऱ्याला राहायला गेलं. तीन वर्षांनी झिंगेबाई कुणाच्या लग्नाला वरोऱ्याला गेली, तर कुठल्याशा अंगणातून ती मांजर धावत आली आणि हिच्या पायावर लोळली. ही गोष्ट मी तिच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकली असेल. शेवट दरवेळी तोच. "गळ काढतानी मले चावली होती ना, थे बी तिले आठवत होतं. लाजून राह्यली होती बिचारी."

या सिद्धांताचा पहिला बळी आमचे निवृत्त गुरुजी. भूतदयेवर ते फार सुंदर बोलत. एका सकाळी मासे घ्यायला बाहेर आले, ऊन होतं म्हणून त्यांनी छत्री उघडली, आणि त्यांची स्वतःची मांजर तोंडातला झिंगा टाकून थेट कौलांवर गेली. झिंगेबाईने आधी मांजरीकडे पाहिलं, मग छत्रीकडे आणि शेवटी गुरुजींकडे. "गुरुजी, छत्री पावसासाठीच असते ना हो?" तिने अगदी भाबडेपणाने विचारलं. गुरुजींनी त्यानंतर महिनाभर मासे घेतले नाहीत आणि आम्ही महिनाभर दुसरा विषय घेतला नाही.

पण तिचा खरा दबदबा होता तो घरपाहणीत. आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात; ओळखीचे लोक झिंगेबाईला सोबत न्यायचे. बाकीचे लोक धानाच्या कोठ्या पाहतात, बोअरचं पाणी पाहतात, संडास कुठे आहे ते पाहतात. झिंगेबाई मांजर पाहायची. जमिनीवर चार झिंगे टाकायची, मांजर खायला लागली की घरातल्या एकेकाला कामाला लावायची. "दादा, जरा तांब्या देजा." "भाऊ, थे काठी कोनाची हाय, दाखवजा बरं." माणूस उठला तरी मांजर खात राहिली, तर तो माणूस पास. नागभीडच्या एका दुमजली घरात सासऱ्याने नुसता पंचा झटकला, तर मांजर पलंगाखाली. बाहेर आल्यावर ती मुलीच्या बापाला म्हणाली, "नाई. या घरात हात उठते." दुसऱ्या एका घरी कौलं फुटलेली, चहाच्या कपांना कान नाहीत, पण एकडोळी मांजर म्हाताऱ्याच्या पायावर झोपलेली. म्हातारा खोकला, उठला, तरी ती पायाला लोंबकळतच चालली. "डोये मिटून द्या पोरगी," बाईने निकाल दिला. ती पोरगी आज सुखात आहे. हे सगळं मी चारचौघांत साभिनय सांगायचो. मांजर मी, सासरा मी आणि झिंगेबाईही मीच. लोक लोळायचे. झिंगेबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

तिच्या वर्षासाठी स्थळ मीच आणलं.

वर्षा तिची एकुलती एक मुलगी. नवरा लवकर गेला, तिने टोपलीवर हिला बारावीपर्यंत शिकवलं. मुलगा वडशाचा, राइस मिलवर सुपरवायझर. नाटकांच्या हंगामात मी वडशाला जायचो, तेव्हा त्यांच्याकडे दोन-तीनदा जेवलो होतो. घर पाहायला झिंगेबाई, तिचा भाऊ आणि मी गेलो. चहा झाला. तिने गाठ सोडली, झिंगे टाकले. पांढरी-काळी मांजर आली, खाऊ लागली. सासू उठली, सासरा उठला, मांजरीने मानही वर केली नाही. मग मुलगा मोबाइल चार्जिंगला लावायला उठला. हातात चार्जर, वायर खाली लोंबत होती. मांजर झिंगे टाकून जमिनीला चिकटली आणि तशीच सरपटत दिवाणाखाली गेली.

झिंगेबाईने माझ्याकडे पाहिलं.

"अहो बाई, नवरदेव उठला म्हणून मांजरही लाजली!" मी म्हणालो. सगळं घर हसलं. मुलगा हसला. तीही हसली.

परतीच्या बसमध्ये नागभीड येईपर्यंत ती पदराची गाठ सोडत-बांधत होती. मग म्हणाली, "भाऊ, थे मांजर काऊन पयाली असन?"

"वायर सापासारखी दिसली असेल. चार झिंग्यांपायी पोरीचं सोन्यासारखं स्थळ मोडता का?"

"तुम्ही घर ओयखता ना पन?"

"ओळखतो," मी म्हणालो. तीन जेवणांची ओळख.

लग्न झालं. सव्वा वर्षाने वर्षा एकटी एसटीतून उतरली आणि पिशवी घेऊन आईकडे गेली. माझी बायको तिला भेटून आली, हातपाय न धुता ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "पाठीवर वायरचे वळ आहेत." मग तिने भात लावला. आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मांजरं गल्लीच्या तोंडाशी बसली आणि झिंगेबाई आली. मी बाहेर गेलो. म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

ती मासा खरवडत राहिली. "तुमचं काऊन? मांजर मले सांगून राह्यली होती. मी तुमचं आयकलं." आणि विचारलं, "डोकं ठेवू का काढू?"

महिन्याभराने मुलाकडचे वर्षाला न्यायला आले. झिंगेबाईच्या अंगणात बैठक बसली. मध्यस्थ म्हणून मला बोलावणं होतं, मी गेलो, बसलो. मुलाने सगळ्यांसमोर हात जोडले, पुन्हा होणार नाही म्हणाला. जाणती माणसं म्हणाली, पोरगा चुकला, कबूल करतो, धाडा. वर्षा दारामागे उभी होती, तिची फक्त बोटं चौकटीवर दिसत होती. झिंगेबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाली, "तुह्यी थे मांजर घेऊन ये. तुह्या हातचं खाल्लं तिनं, त पोरगी धाडतो."

एरवी या वाक्यावर मी आठवडाभर जेवणावळी गाजवल्या असत्या. त्या दिवशी फक्त मुलाकडचे हसले.

पण त्याने मांजर आणली. पुढच्या रविवारी मोटरसायकलला पोतं बांधून तो वडशाहून आला, सगळ्यांसमोर पोत्याचं तोंड सोडलं आणि हातावर झिंगे घेऊन बसला. मांजर बाहेर पडली ती सरळ अंगणातल्या चिंचेवर. कोणीतरी म्हणालं, "बाई, पोत्यात घातल्यावर कोनतंही मांजर पयनच."

"हो ना," झिंगेबाई म्हणाली. "मंग बसा. उतरू द्या तिले. मले घाई नाई."

सगळे बसले. तो झाडाखाली "ये, ये" करत राहिला. पाऊण तास झाला असेल. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी मोबाइल पाहत होतं. मांजर वरून एकटक त्याच्याकडे पाहत होती. मग त्याने हातातले झिंगे फेकले, खालचा दगड उचलला आणि तिच्यावर भिरकावला. दगड फांदीला लागला. जाणती माणसं धोतर झटकत उठली. झिंगेबाईने मोटरसायकलवरचं रिकामं पोतं घडी करून त्याच्या हातात दिलं.

त्यानंतर ती कुणाच्याही घरपाहणीला गेली नाही. माणसं बोलवायला यायची, गाडी पाठवतो म्हणायची. "आता माह्यं मलेच समजत नाई," एवढं सांगून ती त्यांना मासे द्यायची. गल्लीत ती येत राहिली, माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत राहिली. घासाघीस तीच, थट्टा तीच. तिने एकदा जरी शिवी दिली असती, तर मला कुठे उभं राहायचं ते कळलं असतं. मी साभिनय गोष्टी सांगणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर घसा बसलाय म्हणायचो.

मागच्या भादव्यात तिला ताप आला. चौथ्या दिवशी गेली. गल्लीतली मांजरं त्यानंतर सात-आठ दिवस नऊ वाजता जाऊन बसत होती. मग तीही उठून गेली.

तेरवीला मी गेलो. तुम्ही बोलणारे आहात, दोन शब्द बोला, असं लोक म्हणाले. मी उभा राहिलो. पंगतीसाठी मांडलेली पानं पाहत राहिलो. खूप दुःख झालं होतं असंही नाही, काहीच होत नव्हतं. खाली बसलो. पंगत बसली. वर्षा वाढत होती. माझ्यासमोर आली, भात वाढला, अजून एक डाव उचलला. पुरे म्हणायला मी हात वर केला.

ती मागे सरकली. एक पाऊल, भांड्यासकट. डावातला भात जमिनीवर सांडला. शेजारच्यांनी वर पाहिलं. मी हात खाली घेतला, मांडीवर ठेवला. ती थोडा वेळ त्या हाताकडे पाहत उभी राहिली. मग पुढे आली आणि वाढू लागली. एक डाव, दुसरा, तिसरा. मी पुरे म्हणालो नाही. पानात वाढला तेवढा सगळा भात मी खाल्ला.