नुसत्या नावाची हाक

टिलमन मॅडम गेल्याचं काल कळलं. आज सकाळी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या विद्यापीठात वर्गावर जाताना कॉरिडॉरमध्ये टांगलेल्या ओल्या लोकरी कोटांचा वास आला. कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही इथे असाच वास होता.

मॅडम अमेरिकेहून आलेल्या, आमच्या विभागातल्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक. मी पुण्याहून आलेली त्यांची विद्यार्थिनी. आम्ही दोघी चाललो होतो, तेवढ्यात विभागप्रमुखांनी मागून हाक मारली, "रूबी!"

त्या वळल्या. "डॉक्टर टिलमन म्हणा."

"अगं, इथला सफाई कामगारही मला नावानेच हाक मारतो," ते हसले. "आपल्याला काय वेगळं हवं, राणीसाहेब?"

"माझी आई आमच्या गावातली पहिली काळी पदवीधर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आयुष्यभर तिने शाळेत शिकवलं. गोऱ्या शिक्षिकांना सगळे 'मिस' म्हणायचे, तिला मात्र नुसत्या नावाने, 'कोरा'. दुकानदाराचा पोरगासुद्धा."

"हे तुमचं गाव नाही, रूबी."

त्या चालू लागल्या. विभागप्रमुखांनी पुन्हा तीच हाक मारली, मग आणखी मोठ्याने. दारं उघडली, माणसं डोकावू लागली. मॅडमनी मागे पाहिलं नाही. "मिजास तर बघा," कुणीतरी म्हणालं.

एवढ्याशा गोष्टीसाठी यांनी सगळ्यांशी वैर घेतलं, असं मला तेव्हा वाटलं. पुढे निवृत्तीपर्यंत त्या विभागात एकट्याच जेवल्या. आज वाटतं, त्यांनी ओ दिली असती, तर ती हाक त्यांच्या आईलाही पुन्हा ऐकावी लागली असती.