जुना स्पंज

पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर सगळे त्यांना तुरटीसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. शहराला जाणाऱ्या पाण्यात तुरटी सोडायची, ते वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचा, काचेच्या नळीत तपासायचं आणि मगच पुढे जाऊ द्यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी चौतीस वर्षं केली. वरून फोन यायचे, "लोक बोंबलताहेत, सोडा पाणी." तुरटीसाहेब म्हणायचे, "पाणी तयार नाही," आणि फोन ठेवून द्यायचे. या हट्टापायी त्यांची बढती दोनदा हुकली. पण त्यांच्या पाण्याने कुणाचं पोट बिघडल्याचं कधी कानावर आलं नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं चालू असताना हा गृहस्थ वाळूचे थर शेवटचे धुऊन घ्यायला निघून गेला होता.

घरीही तोच खाक्या. पेला दोनदा विसळल्याशिवाय ओठाला लावायचा नाही, भाजी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चिरायची नाही. बायको बोलघेवडी होती. ती म्हणायची, "मलाही एकदा वाळूतून गाळून घ्या, म्हणजे तुमच्या जिवाला स्वस्थता लाभेल." यावर ते हसायचे नाहीत. तीच दोघांच्या वाटणीचं हसून घ्यायची.

एका सकाळी शेगडीपाशी उभी असताना ती खाली बसली, ती पुन्हा उभी राहिली नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे राहिले. पुढच्या खोलीत खाट टाकली. तुरटीसाहेब तिचं सगळं करत, आणि डोळ्यांत तेल घालून करत; पाठीला एक जखम होऊ दिली नाही त्यांनी. पण ती दिवसभर छताकडे बघत पडायची, आणि त्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही. आजवर बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं ना.

लेक जवळच राहायची. ती एक दिवस काचेची छोटी टाकी घेऊन आली, दोन बादल्या पाणी मावेल एवढी, आणि त्यात पाच गप्पी मासे. खाटेसमोरच्या टेबलावर टाकी ठेवली आणि आईची मान त्या दिशेला वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरटीसाहेब चहा घेऊन आले, तर बायकोने डावा हात उचलून पाचही बोटं दाखवली. पाच आहेत, सगळे आहेत. मग हे रोजचंच झालं. ती पाच बोटं दाखवायची, ते म्हणायचे, "हो, पाच." त्या घरातलं दिवसाचं बोलणं एवढंच, पण म्हातारा त्यासाठी पहाटेपासून वाट बघत बसायचा.

महिन्याभरात पाणी गढूळ दिसायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, फिल्टर लावावा लागेल." हे काम त्यांच्यासाठीच राखून ठेवलं असावं, अशा ऐटीत ते माशांच्या दुकानात गेले.

दुकान एका बाईचं होतं. तिने टाकीच्या काठाला अडकवायचा फिल्टर दाखवला, टाकीत बुडवून ठेवायचा मोटारचा दाखवला आणि हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंजचाही दाखवला. "लहान टाकीला हा स्पंजच बरा, काका. हळू चालतो, मासे ओढले जात नाहीत."

"तासाला पाणी किती फिरवतो?" तुरटीसाहेबांनी विचारलं. तिला आकडा सांगता येईना. त्यांनी सगळ्यांत जास्त पाणी फिरवणारा मोटारचा उचलला.

"बरं, मग एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "आतला स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतल्याच पाण्यात जरासा पिळायचा. त्या मळात जिवाणू असतात, तेच माशांची घाण खातात."

"बाई, मला पाणी शिकवू नका," असं म्हणून ते घरी आले.

चौतीस वर्षं ज्या माणसाने जिवाणू मारले, त्याला कुणी जिवाणू पाळायला सांगितले तर तो ऐकेल कसा? मासे सोडायचं पाणी ते नीट दिवसभर उघडं ठेवत, म्हणजे क्लोरीन उडून जाई. त्यात काही चुकत नव्हतं. पण दर रविवारी ते फिल्टर उघडायचे आणि स्पंज नळाखाली धरून ब्रशने घासायचे, पार पांढरा होईपर्यंत. पाणी असं निवळलं की लेक म्हणाली, "बाबा, टाकीत पाणी आहे की नाही कळतच नाही." तुरटीसाहेबांना बरं वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी त्यांना झोप लागली.

तिसऱ्या रविवारनंतर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. बुधवारी सकाळी बायकोने चार बोटं दाखवली. अंगठा दुमडलेला होता. त्यांनी मेलेला मासा चमच्याने काढला, निम्मं पाणी बदललं आणि स्पंज पुन्हा घासला, आणखी जोर लावून. गुरुवारी तीन बोटं, शुक्रवारी दोन. सोमवारी तिने मूठ दाखवली आणि हात खाली ठेवला. चहा तसाच गार झाला.

ते टाकीतलं पाणी बाटलीत भरून दुकानात गेले. बाईने थोडं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले, नळी हलवली. पिवळं राहायला हवं होतं, ते पाणी गडद हिरवं झालं.

"दिसायला चकचकीत आहे, काका, पण विषारी झालंय. माशांच्याच मुताचं विष. ते खाणारे जिवाणू तुम्ही धुऊन टाकले."

तुरटीसाहेब तिथल्या स्टुलावर बसले. आपल्या पाण्याला कुणी विषारी म्हणेल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. आणि नळीतला रंग खोटं बोलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आता तुम्ही म्हणाल तो लावतो," ते म्हणाले. "घरी आजारी माणूस आहे. तिला बघायला मासे लागतात."

बाईने हवेच्या पंपावर चालणारा स्पंज काढला. खोक्यातला, कोरा. "हा लावलात तर सहा आठवडे थांबावं लागेल. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते पाण्यात कुजू द्यायचं, हळूहळू जिवाणू धरतात. मग मासे." मग तिने बाही वर सरकवली आणि स्वतःच्या मोठ्या टाकीत हात घालून एक जुना स्पंज बाहेर काढला. तपकिरी, बुळबुळीत, त्यातून गाळ टपटपत होता. "नाहीतर हा न्या. दोन वर्षांचा आहे, यात सगळं तयार आहे. आजच मासे सोडा. काकूंना उद्या सकाळी दिसतील."

ती बरोबर सांगते आहे, हे त्यांना पटलेलं होतं. डोकं हो म्हणत होतं. पण टेबलावर त्या स्पंजाखाली गाळाचं थारोळं साचत होतं, आणि त्याचा वास त्यांच्या नाकात गेला.

"तुमच्या टाकीतलं पाणी तपासलेलं असतं का?"

"पाणी तपासते की. स्पंज कोण तपासतो, काका?" ती हसली.

त्यांनी खोक्यातला कोरा घेतला. आजारी माणसाच्या खोलीत परक्या टाकीतली घाण न्यायची नाही, असं त्यांनी वाटेत स्वतःला दहा वेळा समजावलं. शिवाय सहा आठवडे म्हणजे काय मोठंसं? पावसाळ्यात गढूळ नदी निवळायलाही थांबलेला माणूस तो.

टाकीत बुडबुडे सुरू झाले. बायकोने टाकीकडे बोट केलं. ते म्हणाले, "पाणी तयार होतंय." तिने पापण्या मिटल्या, म्हणजे बरं. रोज सकाळी ते आपल्या हाताने स्वच्छ पाण्यात खाणं टाकायचे आणि ते कुजताना बघायचे. रोज नळी भरायची, दुकानातून आणलेले थेंब टाकायचे, खिडकीशी धरायची. हिरवाच रंग. ती रोज बोट करायची, ते रोज तेच सांगायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने बोट करायचं सोडलं. मान पुन्हा छताकडे गेली. डॉक्टर येऊन गेले आणि जिन्यात म्हणाले, "आता फार ओढाताण करू नका. त्यांना आवडेल ते करा." लेकीने विचारलं, "मासे आणायचे का, बाबा?" ते म्हणाले, "पाणी तयार नाही." पाण्यातलं बाबांना कळतं, म्हणून ती गप्प बसली.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी नळीतला रंग हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकलेला दिसला. त्यांना केवढा आनंद झाला! "अगं, उतरतोय रंग," असं म्हणत ते खाटेकडे वळले. ती गेलेली होती. डोळे उघडे होते आणि छताकडे लागलेले होते. नळी हातात धरून ते बराच वेळ उभेच राहिले, कारण ती कुठे ठेवावी हेच त्यांना सुचेना.

सगळं आटोपलं, माणसं आपापल्या घरी गेली. लेक चार दिवस राहिली. औषधांच्या बाटल्या पिशवीत भरताना तिला दिसलं की बाबा खिडकीशी नळी धरून उभे आहेत. नळीतला रंग स्वच्छ पिवळा होता.

"झालं तयार?" तिने विचारलं.

"झालं."

"इतके दिवस लागतातच का हो?"

तुरटीसाहेबांना खोटं बोलता यायचं नाही, ती सवयच नव्हती. त्यांनी जुन्या स्पंजाचं सगळं सांगितलं. त्याच दिवशी मासे सोडता आले असते, हेही सांगितलं.

लेकीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मग तो का नाही आणला?"

"घाण होता गं तो."

ती रागावली नाही. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती टाकीकडे बघत होती, त्या नितळ, रिकाम्या पाण्याकडे.

"आई ते पाणी पिणार होती का, बाबा?"