यशवंतचं हसणं जर्मनीला गेलं

कोरगावच्या प्रभावतीबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती कॅमेरा. नवरा यशवंत काजूच्या बागेत, बाई त्याच्या मागे. काजूचं लालपिवळं फळ बोंडू, वाळत घातलेल्या मिरच्या, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल, जे दिसेल ते टिपायचं आणि फोटो विकणाऱ्या एका परदेशी साईटवर चढवायचं. फोटोत माणूस असला तर त्याच्या सहीचा संमतीचा कागद जोडायचा. तीन वर्षांत सगळी मिळून कमाई झाली दोन वेळच्या मासळीइतकी. तरी बाईंचा उत्साह कमी होईना.

मांद्र्याला त्यांची बहीण सुलोचना पर्यटकांना खोल्या देई. २०१४च्या डिसेंबरात एका जर्मन पाहुणीची खोली झाडताना तिला टेबलावर मासिक उघडं दिसलं आणि झाडू हातातच राहिला. पानभर आपले भावोजी! डोक्याला टॉवेल, हातात बोंडू, तोंडभर हसू. पाहुणीला विचारलं तर कळलं, जाहिरात कानाच्या मशीनची होती.

पाहुणीने ते मासिक देऊन टाकलं. सुलोचना ते घेऊन पहिल्या बसने कोरगावला आली.

प्रभावतीबाईंना आधी वाटलं, फोटो चोरीला गेला. ह्या कंपनीचं नावसुद्धा त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी संगणक लावला आणि साईटवरच्या आपल्या खात्यातला, आजवर कधी न वाचलेला कोपरा चष्मा लावून वाचला. तिथे लिहिलं होतं, विक्री भागीदार साईटवरून. नाव नोंदवताना त्यांनीच कुठेतरी होकाराची खूण केली होती.

यशवंतला त्यांनी समजावलं ते काजूच्या हिशेबाने. आपण बिया गावातल्या व्यापाऱ्याला घालतो, तो कारखान्याला, कारखाना आणखी पुढे. प्रत्येकजण आपला वाटा काढून घेतो. फोटोचंही तसंच. भागीदार साईट तिचा वाटा कापते, मग आपली साईट तिचा, उरेल ते आपल्याला, तेही दोन-तीन महिने उशिरा.

"आणि उरलं किती?" यशवंतने विचारलं.

"जर्मनीचे चार डॉलर. पण सगळीकडे मिळून तुम्ही अकरा वेळा विकले गेलाय."

यशवंतने मासिक ओढून आपला फोटो पुन्हा पाहिला. मग तिघंही अशी हसत सुटली की चुलीवरचा भात लागला. ज्याला शेजारच्या बागेत बोंडू पडलेला ऐकू येतो, त्याच्या हसण्यावर बहिऱ्यांची मशीन विकली गेली होती!

आठवड्यात बातमी गावभर झाली. यशवंत एक दिवसाआड दाढी करू लागला. गावातला बाबली फोटोसाठी तालुक्याच्या गावाहून नवा शर्ट शिवून घेऊन आला, तर बाईंनी त्याला जुनाच घालून यायला परत पाठवलं. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या सरस्वतीकाकी आजवर कॅमेरा दिसला की दार लावून घेत. त्या एका सकाळी नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून बाईंच्या दारापुढच्या बाल्कांवात, बैठकीवर, येऊन बसल्या.

"कानाची मशीन नको गो," त्यांनी बजावलं. "माका चॉकलेटार घाल."

त्यांनी संमतीच्या कागदावर आधी अंगठा उमटवला, मग आपलं दात नसलेलं हसू हसल्या. प्रभावतीबाईंना त्यांच्याहून जास्त हसू येत होतं. पहिले नऊ फोटो हलले. दहावा बरा आला, आणि तो बाईंनी तिथल्या तिथे साईटवर पाठवून दिला.