सासऱ्यांचा उन्हाचा कोपरा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लखनौच्या गोमती नगरातल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, गेली कित्येक वर्षं एका निवृत्त हवाई सैनिकाची अखंड सत्ता आहे. हे सत्ताधीश म्हणजे माझे सासरे, घरातले बाबा. घर त्यांचं, गच्ची त्यांची, आणि त्यांच्या घरात राहणारा जावई मी. या राज्यात माझा दर्जा काय असेल, ते वाचकांनी ओळखावं.

इथल्या हिवाळ्यात धुकं असं बसतं की आपलंच फाटक आपल्याला दिसत नाही. दुपारकडे ते विरलं की बाबा वेताची खुर्ची घेऊन वर जातात आणि दुखरे गुडघे उन्हात पसरून बसतात. शेजारी फरशीवर सासूबाईंनी शिवलेली लाल गोधडी उन्हाला घातलेली असते. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकते, पण कोपरा सोडत नाही.

अशा शांततेत एके सकाळी भोंगा लावलेली ई-रिक्षा सरकारी शिबिराची दवंडी पिटत आली. आपल्या छतावर किती ऊन पडतं आणि त्यातून किती वीज होईल, हे सरकार शिबिरात येऊन फुकट सांगणार होतं. मी उत्साहानं ही बातमी जेवताना दिली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, पॅनेल कुठं बसवतात? मी म्हणालो, सगळ्यात जास्त ऊन असेल तिथं. त्यानंतर बाबा माझ्याशी बायकोमार्फत बोलू लागले. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, वरण वाढ."

शिबिराला मी आणि बायको निघालो, तर ते मात्र स्वतःहून आले. कोपऱ्याचा बचाव दुसऱ्यावर सोपवणारा माणूस नव्हे तो.

मी मनातून रांग, धूळ आणि 'कल आइए' यांची तयारी करून गेलो होतो. सपशेल चुकलो. हॉलमध्ये भिंतभर पडदा होता आणि एक तरुण इंजिनियर बाई एकेकाचं छत आकाशातून काढलेल्या फोटोत शोधून दाखवत होती. काय ती गंमत! आयुष्यभर ज्या छताखाली राहिलो, ते माणसं पहिल्यांदा वरून बघत होती. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांच्या छतावरचा मोडका कूलर आणि तीन पायांची खाट सगळ्या मोहल्ल्याला दिसली. ते तडक घरी गेले. छत साफ करायला, असं नंतर कळलं. बाई कुणालाही घाई करत नव्हती. टाकीची सावली कुठवर जाते, शेजाऱ्याने मजला चढवलाय का, झाड कुठल्या बाजूला आहे, सगळं विचारून नकाशावर मांडत होती. सरकारी कामात इतकी माया मी क्वचितच पाहिली आहे.

आमचं छत पडद्यावर आलं. बाबा उठले, कोटाची बटणं लावली आणि साक्ष द्यावी तशा शुद्ध हिंदीत त्यांनी सांगितलं की नैर्ऋत्येचा कोपरा अगदी निकामी आहे. शेजारच्या कडुलिंबामुळे तिथं दिवसभर सावली असते.

बाईनं पडद्याकडे नीट पाहिलं. मग अगदी नम्रपणे विचारलं, "अंकल, फिर यह लाल-लाल क्या है?"

कुठल्याशा हिवाळी दुपारचा फोटो होता. टाकीची सावली एका बाजूला, कडुलिंबाची दुसरीकडे, आणि निकाम्या कोपऱ्यात लख्ख उन्हात आमची गोधडी! हॉल हसला. मी बुटांकडे बघत राहिलो.

ती मात्र हसली नाही. गोधडी कुणाची, एवढंच तिनं विचारलं. बाबांनी हळू आवाजात खरं काय ते सांगितलं, गुडघ्यांसकट. तेव्हा तिनं समजावलं की ही पडद्यावरची सरकारी साइट कुणाचं छत घेत नाही, फक्त हिशेब सांगते. जेवढी जागा द्यायची तेवढीच आखायची. आणि तिनं माउस त्यांच्या हातात दिला.

बाबांनी युद्धाचा नकाशा आखावा तशी रेघ ओढली. सगळी गच्ची आत, कोपरा बाहेर. उत्तर आलं: दिवे, पंखे, फ्रिज, सगळं आरामात चालेल, मे-जूनमध्ये दोन्ही एसी एकदम लावले तर मात्र वीज थोडी कमी पडेल. कोपऱ्यातली थोडी जागा मिळाली तर तेही भागेल, पण घाई नाही, घरी जाऊन ठरवा, असं ती म्हणाली.

लखनौच्या जूनमध्ये दोन्ही एसी एकदम, या कल्पनेनंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग नाइलाजानं माझ्याकडे. आणि नजर तिथंच ठेवून, मराठीचा गंधही नसलेल्या त्या इंजिनियर बाईला ते भर हॉलमध्ये खणखणीत मराठीत म्हणाले, "बाई, गोधडीची जागा घेऊन टाका, ती मी दोरीवर टाकीन, पण खुर्ची आहे तिथंच राहील!"