खळ्यातलं शेवाळ आणि देवाचा कौल

आमच्या ह्यांनी मद्रासहून साडी आणली नाही, शेवाळ आणलं. विज्ञानाच्या शिक्षकांचं कसलंसं शिबिर मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे होतं. बाकीचे मास्तर समुद्र बघून आणि बायकांसाठी रेशीम घेऊन परतले. हे मिरजेपर्यंत आगगाडीनं आणि पुढे आंबा घाट उतरत एसटीनं आले, ते मांडीवर काचेची बरणी सांभाळत. बरणीत हिरवंगार पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. घाटात शेजारच्या बाईला ओकारी आली तेव्हा ह्यांनी आधी बरणी उचलून वर धरली आणि मग तिच्यासाठी खिडकी उघडली. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही अभिमानानं.

मी मूळची घाटावरची, सांगलीकडची. शेवाळ म्हणजे काय चीज असते ते मला रत्नागिरीत सासरी आल्यावरच कळलं. इथे पाऊस लागला की पायऱ्या, चिरे, न्हाणीची मोरी, विहिरीचा काठ, सगळं हिरवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी हातात दुधाचं पातेलं घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सपशेल आडवी झाले होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात नारळाचं काथ्याळ सोडण घेऊन दगड घासत बसणं हे माझं काम. आणि आता माझा नवरा तेच शेवाळ घरात आणून खिडकीत ठेवतो आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्याची विचारपूस करतो! मी कपाळाला हात लावला.

पण खोटं कशाला बोलू, ह्यांच्या खुळामागे कारण होतं आणि ते पडवीत खाटेवर पडलेलं होतं. आदल्या हिवाळ्यात मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण माणूस काही सावरेना. डाळ पचेना, दूध सोसेना, अंगावरचं मांस उतरत चाललेलं. एके काळी आंब्याच्या कलमांवर स्वतः चढणारा गडी, तो आता पडवीतून खळ्यात उतरताना खांब धरायचा. डॉक्टरांनी सांगितलं, प्रोटीन पाहिजे, मासे खा, निदान अंडं तरी खा. आमच्या दारावरून रोज म्हावऱ्याची पाटी जायची, पण थांबायची नाही. मामंजी डॉक्टरांना म्हणाले की तुम्ही तुमचं औषध बदला, माझं ताट बदलू नका. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे, आणि मी बिचारी कुणाकडे बघणार?

मामंजींचं एकच टुमणं होतं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर येते. त्या दिवशी मी स्वतःच्या पायावर उभा राहून पालखीला सामोरा जाणार, खाटेवर पडून हात जोडणार नाही. हे ते चिडून म्हणायचे, पण आतून घाबरलेले असायचे. आम्हीही घाबरलो होतो. शिमग्यापर्यंत तरी माणूस राहील का, हे कुणी बोलत नव्हतं एवढंच.

म्हणून ते शेवाळ. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला ना हाड ना रक्त, उन्हावर आणि पाण्यावर वाढतं, आणि ताकद अशी की डाळीनं मान खाली घालावी. पावसाळाभर बरणी खिडकीत राहिली. दिवाळी झाली, उन्हं कडक पडायला लागली, तशी ह्यांनी खळ्याच्या मधोमध चिरे रचून, सिमेंट लावून उथळ टाकी बांधली. माझी वाळवणाची जागा गेली. त्या टाकीत पाणी, मीठ आणि खायचा सोडा. सोडा इतका लागला की वाण्यानं, मास्तरांनी शाळा सोडून भज्यांची गाडी टाकली की काय, असं मला भर दुकानात विचारलं. वर आणि ढवळायला माझी ताकाची मोठी रवी नेली. शाळेतून आले की कपडे न बदलता रवी घेऊन टाकीवर. मी म्हटलं, लोणी आलं की हाक मारा. ह्यांना थट्टा कळत नाही हे एक बरं आहे, नाहीतर आमचा संसार झाला नसता. लोणी येणार नाही, याच्यात स्निग्धांश कमी असतो, असं शांतपणे उत्तर आलं.

गावातली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून टाकी बघायला यायची. पाणी आधी पोपटी, मग पालकाच्या रसासारखं, मग इतकं गडद की बोट घातलं तर दिसेना. मग ते पंच्यातून गाळायचं, पाणी घालून धुवायचं, पिळायचं. पंच्यात उरायचा तो हिरवा लगदा. तो माझ्या शेवेच्या सोऱ्यात घालून प्लास्टिकच्या कागदावर शेव पाडायची आणि उन्हात टाकायची. सोऱ्या गेला तेव्हा मात्र मी भांडले. दिवाळीची शेव पाडायचा सोऱ्या तो, त्याला आता खाजणात ओहोटी लागल्यावर येतो तसला वास. हे म्हणाले, नवा आणतो. अजून आणताहेत.

वाळलेली शेव कुटून त्याची पूड केली. चमचाभर चाखली. खरं सांगते, वाईट नव्हती, फक्त कुणीतरी समुद्रकाठचं गवत वाळवून दळलंय असं वाटत होतं. ती पूड वाटीत घालून हे पडवीत गेले आणि मामंजींपुढे धरली. मी दारात उभी.

मामंजींनी वाटीकडे बघितलं, वास घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे आपल्यात कधी कुणी खाल्लेलं नाही. देवाचा कौल घेऊन ये. उजवा दिलान तर खाईन."

ह्यांचा चेहरा पडला. आता हे कौल प्रकरण सांगायला हवं. आमच्या देवळात गुरव पाषाणाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे, आणि देवापुढे गाऱ्हाणं घालतो, की महाराजा, अमुक करावं की न करावं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. लग्न, घर, विहीर, मुंबईची नोकरी, सगळं त्या पाकळ्यांवर ठरायचं. आणि ह्यांनी कॉलेजात असल्यापासून त्या देवळाची पायरी चढली नव्हती. सासूबाई आजारी होत्या तेव्हा मामंजींनी कौल लावला होता. तो उजवा झाला, बाई बरी होईल. सासूबाई गेल्या. त्या दिवसापासून बाप देवळात जायचा आणि मुलगा बाहेरच्या पिंपळाखालून परत फिरायचा. दोघं याविषयी एकमेकांशी चकार शब्द काढत नसत.

मामंजी हे सगळं जाणून होते. जाणूनच बोलले होते. मला त्यांचा इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्या पेजेत मी मीठच घातलं नाही. त्यांनी निमूट खाल्ली.

हे काही दिवस फुरंगटून बसले. टाकी ढवळायची, शेव पाडायची, वाळवायची, डबे भरायचे, आणि खाणारा पडवीत कूस बदलून पडलेला. शेवटी एका सकाळी न्हाणीत मामंजींचा तोल गेला. लागलं नाही, पण ह्यांनी त्यांना उचलून आणलं तेव्हा उचलायला जोरच लागला नाही. हे स्वयंपाकघरात आले, माझ्याकडे न बघता म्हणाले की पिशवीत एक नारळ घाल, देवळात जायचंय.

मीही गेले. ह्यांनी गुरवाला आधी शेवाळ म्हणजे नेमकं काय ते समजावून दिलं, देवाकडे चुकीची माहिती जाऊ नये म्हणून. गुरव भला माणूस, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गाऱ्हाण्यात 'हे जे काय हिरवं ह्यांनी केलंनी हा' एवढंच म्हटलं. पाकळ्या लागल्या. हे हाताची घडी घालून उभे. मी मात्र, जिनं आजवर ह्या शेवाळाची इतकी टर उडवली होती, ती मनातल्या मनात उजवीकडच्या पाकळीला अक्षरशः ढकलत होते.

डावी पडली. उजवी जागची हलली नाही.

गुरव म्हणाला, देवाची मर्जी, पुन्हा कधीतरी विचारू, आणि नारळ माझ्या हातात दिला. परतीच्या वाटेवर हे माझ्यापुढे झपाझप चालत सुटले. मला वाटलं, आता घरी जाऊन बाप-लेकांची जुंपणार. माझा नवरा खोटं बोलू शकत नाही, ही आमच्या घरातली मोठी अडचण होती. नातेवाइकांच्या लाडवांना ते तोंडावर कडक म्हणायचे. शाळेच्या तपासणीला साहेब आले तेव्हा प्रयोगशाळेतली कुठली उपकरणं मोडलेली आहेत ते ह्यांनी न विचारता दाखवलं होतं.

पडवीत मामंजी उठून बसले होते. ह्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, त्या नीट एकीला एक लावून ठेवल्या आणि खाली बघत म्हणाले, "उजवा दिला, बाबा."

मामंजींनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाले, बरं, वाढा.

मी आत पळाले. नुसती पूड घशाखाली उतरायची नाही म्हणून घाईघाईनं पिशवीतला नारळ फोडला, खवला, मिरची-आमसूल घातलं, त्यात चमचाभर हिरवी पूड ढकलली आणि चटणी वाटून ताटात वाढली. मामंजींनी बोटानं चाटली, आणखी जरा मागितली. स्वयंपाकघराच्या दाराआड मला रडू फुटलं आणि हसूही.

त्यानंतर रोज ती चटणी. कधी थालीपिठात, कधी मऊ भातावर. ताकद शेवाळानं आली, की भूक लागायला लागली म्हणून आली, की म्हातारा नुसता हट्टाला पेटला म्हणून, ते मला माहीत नाही. ह्यांना माहीत आहे, आणि विचारलंत तर ते तुम्हाला तासभर सांगतील. मी एवढंच पाहिलं की खांब सुटला, मग मामंजी खळ्यात उतरले, मग काठी घेऊन कलमांपर्यंत जाऊन मोहोर बघून आले आणि फवारणीवरून गड्याला ओरडले. ते ओरडणं ऐकून मला झालेला आनंद काय सांगू.

शिमगा आला. ढोल वाजवत पालखी आमच्या वाटेला वळली. पालखी खांद्यावर घेऊन खळ्यात नाचवतात, आणि आमच्या खळ्यात मध्येच ती टाकी. नाचणाऱ्यांचा पाय मोडू नये म्हणून, का टाकीतलं शेवाळ सांडू नये म्हणून देव जाणे, आमचे हे दोन्ही हात पसरून टाकीपुढे उभे. खांद्यावर गुलाल, चष्मा नाकावर घसरलेला. पालखी एकदा ह्यांच्या अगदी अंगावर आली तरी माणूस हटला नाही. अख्खं गाव हसत होतं.

मामंजी धुतलेलं धोतर नेसून पायरीवर उभे होते. खांब न धरता. मी पालखीपुढे ठेवायचा नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, पाणी आहे ना बघितलं आणि ढोलांच्या गलक्यात माझ्याकडे वाकून म्हणाले, "हा तरी देवापुढे फुटेल ना, सूनबाई? की त्यादिवशीच्यासारखा माघारी आणून चटणीत घालणार आहेस?"

मला काही कळेना. त्यांनी डोळे मिचकावले. तुम्हा घाटावरच्यांना सगळं फोडून सांगावं लागतं, म्हणाले. कौल उजवा झाला की गुरव नारळ तिथेच देवापुढे फोडतो. अख्खा घरी परत येतो तो डाव्या कौलाचा.

म्हणजे पहिल्या घासापासून मामंजींना ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, मग खाल्लंत का?

मामंजी खळ्यात हात पसरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघत होते. "तो जन्मात कधी खोटं बोललेला नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी बोलला. आता देवाचं ऐकू की त्याचं? देवाची मी समजूत काढली. त्याला मात्र काही सांगू नकोस हो, पुन्हा खरं बोलायला लागेल."

मग काठी माझ्या हातात देऊन, एक एक पायरी स्वतः उतरत, ते पालखीला सामोरे गेले.