भिंतीपलीकडचं पाणी

ताईंना मी खरं म्हणजे ओळखतच नव्हतो. वर्षानुवर्षं आमच्यात एक भिंत. पलीकडे त्या, दातांच्या डॉक्टरबाईंच्या मदतनीस; अलीकडे मी, कवळ्या घडवणारा. त्या गेल्यावर लक्षात आलं, चहात त्या साखर घ्यायच्या की नाही, हेही मला ठाऊक नाही.

ठाऊक आहे तो आवाज. सकाळी पेशंट यायच्या आधी त्या खुर्चीच्या सगळ्या नळ्यांतून पाणी सोडत. पाणी साचून राहिलं की नळीला आतून बुळबुळीत थर धरतो आणि पुढे तोच पेशंटच्या तोंडात जातो. म्हणून ठरलेल्या दिवशी जंतुनाशकही भरून ठेवत. पलीकडे ती बारीक सळसळ, इकडे मेण वितळत असायचं, आणि मी जागेपणीच कुठेतरी तरंगत असायचो.

दवाखाना बंद असला तरी ताई येऊन पाणी सोडून जात. एकदाच चुकलं. डॉक्टरबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आणि ताई हॉस्पिटलात, थोरल्या भावाच्या उशाशी. खुर्ची तशीच पडून राहिली. भाऊ नवी किडनी घेऊन घरी आले. औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली. साधा जंतूही महागात पडला असता. नेमकी तेव्हाच त्यांची दाढ ठणकू लागली.

ताईंनी नळ्यांत जंतुनाशक भरलं, नळ्या धुतल्या, पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. दूषित निघाला. पुन्हा तेच सगळं, पुन्हा नमुना. तोवर परतलेल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या देऊन दाढ कशीबशी थोपवली होती.

भाऊ गाल धरून बाकावर बसले होते. "अगं, दाढ माझी दुखतेय, नळीची नाही!"

"दादा, तुझ्यापायी ही बिघडली. आता हिच्यापायी तुला घालवू?"

"पाण्याला इतकं भितेस?"

"लहानपणी अंघोळीला तू भ्यायचास. आता माझी पाळी."

दुसरा नमुना स्वच्छ आला. दाढ निघाली, भाऊ सुखरूप घरी गेले. त्या संध्याकाळी मी कवळी द्यायला पलीकडे गेलो, तर ताई नळी हातात धरून वाहतं पाणी नुसतं बघत बसल्या होत्या. खिडकीतलं ऊन त्यात हलत होतं. मी कवळी टेबलावर ठेवून परतलो.

आमचं शेवटचं बोलणं जिन्यात झालं.

"काका, उद्या दादाला तपासणीला न्यायचंय, मला उशीर होईल. सकाळी तेवढं पाणी सोडाल?"

"किती वेळ सोडू?"

"रोज ऐकता ना भिंतीला कान लावून? तेवढा वेळ."